वाळेपर्यंतचं कुंपण

ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. डोंगरांचाही बसला नाही. ते अजून तोंड फिरवून उभे आहेत.

एका जंगलात एकच पाणवठा होता. वाघाने त्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. पाणी त्याचं, तहान बाकीच्यांची. एके दिवशी सगळ्यांनी मिळून त्याला असा पिटाळला, की अंगावरचे पट्टे जागेवर राहिले आणि तो नुसता पिवळाच पळाला.

भुरी हरिणी तहानलेलं पाडस घेऊन धावत आली. पण दारातच दोघांची जुंपली होती.

"उपटा कुंपण, आत्ताच्या आत्ता!" साळूमावशी साळिंदर कडाडली. "काटे अंगावर असावेत, वाटेवर नव्हे."

"घाई नको, मावशी," दंताजी रानडुक्कर म्हणाले. "वाघ परतला तर? कुंपण वाईट नसतं, आत कोण बसलंय ते बघायचं. आता आपण बसू. गरज संपली की ते आपोआप वाळून गळेल."

"आत बसलेल्याची गरज कधी संपलीय का?"

"बरं, उपटलं. मग पाणी राखणार कोण?"

"सगळे. पाळीपाळीने."

"पाळ्या कोण लावणार?"

मावशी जमलेल्यांची डोकी मोजू लागली. तेवढ्यात दंताजी आत जाऊन बसले. 'आज काटा, उद्या वाटा!' अशी घोषणा झाली.

उन्हाळ्यात कुंपण खरंच वाळलं. दंताजींनी लगोलग वर ताज्या फांद्या रचायला लावल्या. "वाळण्याचं काम नाजूक," ते म्हणाले, "त्याला संरक्षण हवं." मग वाळवण मंडळ नेमलं. मंडळाचा घसा बैठकांत सुके, म्हणून पाणी मंडळाला. मावशीने कुंपणाखालून बीळ पोखरलं, तेव्हा ती वाघाची हस्तक ठरली आणि तिचेच काटे उपटून कुंपणात खोचले गेले.

भुरी रोज दाराशी येई. "दंताजी, लेकराला घोटभर द्या हो."

"ताई, पाणी तुमचंच आहे. म्हणून तर तुमच्यापासून जपतोय."

शेवटी पाडसाला उभंही राहवेना. ते पाहून दंताजींचं काळीज द्रवलं. त्यांनी स्वतःच्या नाकाडाने काटे बाजूला सारले, मंडळ बरखास्त केलं आणि "गरज संपली" म्हणत कंद उकरायला निघून—

"थांबा!" ऐकणाऱ्यांतल्या गोदाकाकू उठल्याच. "पट्टे टाकून पळालेला वाघ पटला. भाषण ठोकणारं डुक्कर तर पटलंच. पण आत बसलेला आपणहून उठला? साफ खोटं! त्या लेकराचं काय झालं, ते बोला."