बांधावरून आलेला ताप

त्या दिवशी पाऊस उघडला होता, पण ऊन काही पडले नव्हते. वारा मेलेला, भातखाचरांतून वाफ उठत होती, आणि खाडीकाठच्या वाडीत एकही दार उघडे नव्हते. अशात एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन दत्ताराम खलाशाच्या घरी आले.

दत्तारामला चार दिवस ताप होता. आज डोळे हळदीसारखे पिवळे झाले. तो आफ्रिकेच्या बोटीवरून आलेला. तिकडचा पिवळा ताप माणसाला रक्त ओकवून मारतो, असे वाडीने ऐकलेले. शेजारच्या बाबल्याकडे रिक्षा होती. त्याने खिडकीतूनच सांगितले, "माका पोरांबाळां आसत. मी न्हेवचंय नाय."

शिष्य तोंडाला पंचा लावून उंबऱ्यातच थांबला. हातातली काविळीची माळ त्याने आत भिरकावली. "ही घाला गळ्यात! गुरुजी, तुम्हीही आत जाऊ नका."

"भितोस?"

"मरणाला कोण भीत नाही?"

"बरं. मग नीट बघून भी," म्हणत वैद्य आत गेले.

त्यांनी डोळ्यांकडे फारसे पाहिलेच नाही. पायथ्याशी बसून पोटरी दाबली. दत्ताराम किंचाळला. मग बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या न्याहाळल्या.

"बोटीवरून कधी उतरलास?"

"अक्षय्य तृतीयेक."

"आणि लावणीला?"

"पंधरा दिस झाले. रोज अनवाणीच."

वैद्य शिष्याकडे वळले. "बाळा, पिवळा अंगरखा पुष्कळ रोग घालतात. कावीळ घालते, कधी हिवतापही घालतो. म्हणून रंग पाहून थांबू नये, वाट विचारावी. तो परदेशी ताप डास चावल्यावर आठवडाभरात डोके वर काढतो. याला उतरून दोन महिने झाले. पण खाचरातले पाणी, पायाला चिखल्या, पोटऱ्यांत ही कळ... मला उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टो तापाची भीती वाटते. खरे काय ते रक्त तपासल्यावरच कळेल. माळेने हे उतरायचे नाही, आणि आज दवाखाना गाठला नाही तर मूत्रपिंडे जातील. आपण सारे समुद्राकडे बघत बसलो रे, दुखणे बांधावरून आले."

शिष्याने पंचा काढला आणि दत्तारामच्या काखेत हात घातला.

दोघे त्याला धरून अंगणात आले तेव्हा बाबल्या रिक्षा लावून उभा होता. खिडकीतून त्याने सारे ऐकले होते. चेहरा पांढराफटक. तो स्वतःच्या चिखल्या पडलेल्या पायांकडे पाहत होता.

"बस, दत्ताराम," तो हळूच म्हणाला. "माझ्यापण पोटऱ्या कालपासून दुखतत."