मटण पुढे, दूध मागे

रेवदंड्याकडच्या एका गावात, बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या आळीत, एलोजी नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. सगळा घोळ तिथेच होता.

आज त्याच्या लेयाला पाहायला पाहुणे येणार होते. बापाच्या प्रतापांनी आधीची दोन स्थळं मोडली होती. हे तिसरं, आणि मुलगा लेयाच्या मनात भरला होता.

सकाळी बायको रिबका म्हणाली, "अहो, पाहुण्यांना मटण आणा, उद्याच्या चहाला दूध आणा. आपल्यात दोन्ही एकत्र चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

एलोजीने ठेवलं. मटण वाटेत बांधावर ठेवलं, दूध घरी पोचवलं, मग मटण आणायला गेला. तिथे कुत्रं जिभल्या चाटत होतं.

"अहो, एकाच खेपेत आणायचं! एक पुढे, एक मागे. मधे अंतर राहिलं की झालं."

"असं होय!"

घरी पोचवलेलं दूधही उचलून तो पुन्हा गेला. मटण पुढे, दूध मागे धरून चालत आला आणि दारात ठेचकाळला. सगळं दूध मटणावर.

"टाका ते बाहेर! एकत्र झालेलं घरात ठेवायचं नाही!"

"असं होय!"

रिबकाने मग मासळीवर भागवलं.

पाहुणे आले. एलोजीने मुलाच्या बापाला विचारलं, "दावीदभाऊ, धंदा काय?"

"मटणाचं दुकान."

"आणि वहिनी?"

"हिच्या म्हशी आहेत. दूध विकते."

एलोजी सावध झाला. दावीदभाऊंना त्याने पुढच्या ओटीवर बसवलं आणि वहिनींना मागे परसात, विहिरीपाशी.

रिबका लाजेने अर्धी झाली. पण माणसं मोठ्या मनाची. हसत हसत आत येऊन बसली. लेयाचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात मागे राहिलेला नवरा मुलगा हनोख आत आला. एलोजी त्याला निरखून पाहू लागला.

"हा तुमचा दोघांचा?"

"हो तर!" वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

"दोघांचा मिळून?"

"अहो, मग!"

एलोजीने हनोखला बखोटीला धरलं, बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. लेयाने भोकाड पसरलं. एलोजीने मायेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडू नकोस, बाय. तुला आपण नुसत्या दुधाचा बघू."