टोक नसलेली शेवई

"ही शेवई संपलीच कशी?" सुभेदार फांग गरजले.

चीनच्या शान्शी प्रांतात शेवया हातांनी ओढून करतात आणि वाढदिवसाला वाडग्यात एकच लांबलचक शेवई वाढतात. शेवई जितकी लांब, तितकं आयुष्य लांब, अशी तिथली समजूत. फांगसाहेबांचा साठावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. म्हणून मा नावाच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने नमुना म्हणून बावीस हात लांबीची शेवई आणली होती. कुठे गाठ नाही, कुठे तुटलेली नाही!

साहेबांनी चांदीच्या काड्यांनी ती उचलली. उचलली, उचलली... आणि टोक समोर आलं.

"हे काय आहे?"

"टोक आहे, सरकार," मा म्हणाला.

"कशाचं?"

"शेवईचं, सरकार. दुसरं कशाचं असणार?"

शेजारी उभ्या असलेल्या लू नावाच्या सल्लागाराने लगेच कपाळाला हात लावला. "अरेरे! शेवई म्हणजे सरकारांचं आयुष्य. आणि हा मेला त्याचं टोक दाखवतोय!"

झालं! माच्या मानेत मधे भोक असलेली जाड लाकडी फळी अडकवून त्याला बाजारचौकात बसवलं. फळी एवढी रुंद की स्वतःचा हात तोंडापर्यंत पोचू नये. वर हुकूम सुटला, वाढदिवसाला टोक नसलेली शेवई पाहिजे! नाहीतर म्हाताऱ्या आचाऱ्याला पन्नास फटके आणि शेवयांच्या गल्लीतल्या सगळ्या चुलींत पाणी!

माची मुलगी आ-लियान रोज चौकात जाऊन बापाला घास भरवायची. हुकूम ऐकल्यावर म्हातारा रडकुंडीला आला. "लियान, अगं पन्नास वर्षं शेवया ओढतोय मी. टोक नसलेली शेवई नसते गं!"

"बाबा, तोंड उघडा आणि जेवा," ती म्हणाली. "साहेबांना काय पाहिजे ते मला कळलंय. त्यांना मात्र अजून कळलेलं नाही."

वाढदिवस उजाडला. लाल कंदील लागले, पीचच्या फळांसारख्या गुलाबी पावांचे डोंगर रचले गेले, दोनशे पाहुणे बसले. आ-लियान भलामोठा वाडगा घेऊन आली आणि साहेबांसमोर ठेवून वाकली.

"टोक शोधा, सरकार!"

साहेबांनी काड्या घातल्या. शेवई सरकत राहिली, फिरत राहिली. लू मदतीला धावला. त्याच्या रेशमी बाह्या कोपरापर्यंत रश्श्यात बुडाल्या, मिशीला कांद्याची पात चिकटली, पण टोक काही सापडेना! कसं सापडणार? आ-लियानने ओढायच्या आधीच पिठाच्या वळीची दोन्ही टोकं एकजीव करून कडं केलं होतं आणि मग ते कडंच ओढत नेलं होतं.

"वाहवा!" साहेब खूश झाले. त्यांनी शेवईचा मोठा घास तोंडात कोंबला.

"सरकार, थांबा!" आ-लियान ओरडली. "दात लावू नका! जिथे तोडाल तिथे टोक होईल. एक नाही, दोन!"

साहेबांचा जबडा जागीच थांबला. गिळावी, तर शेवई संपत नाही. तोडावी, तर आयुष्य तुटतं. थुंकावी, तर वाढदिवसालाच आयुष्य थुंकलं! गाल फुगलेले, हनुवटीवरून रस्सा ओघळतोय आणि दोनशे पाहुणे टक लावून बघताहेत.

"ऊं! ऊंऊं!" साहेब म्हणाले.

"सरकार म्हणतात, चव उत्तम आहे!" लूने पाहुण्यांना सांगितलं.

साहेबांनी त्याला सणसणीत लाथ घातली.

"सरकार म्हणतात..." लू नडगी चोळत पुटपुटला, "पोरी, यातून मार्ग काढ."

"मार्ग आहे की," आ-लियान म्हणाली. "आपल्याकडे वर्षांना साठ नावं आहेत. साठ संपली की पुन्हा पहिल्या नावापासून मोजायचं. सरकारांची साठ वर्षं आज पूर्ण झाली. तेव्हा खुशाल दात लावा! एक टोक जुन्या फेऱ्याचं, ते संपलं. दुसरं नव्या फेऱ्याचं, ते आजपासून सुरू."

कचकन आवाज झाला. साहेबांनी शेवई तोडली, गिळली आणि मोठा श्वास घेतला.

"म्हणजे आता मी किती वर्षांचा?"

"आजच जन्मलात, सरकार. अभिनंदन! आता माझ्या बाबांच्या मानेतली फळी काढायला सांगा."

"का म्हणून?" लू उसळला. "ती शिक्षा सरकारांनी दिलीय!"

"ती मागच्या फेऱ्यातल्या म्हाताऱ्या सुभेदारांनी दिली होती. त्यांचे हुकूम त्यांच्याबरोबर संपले. आज जन्मलेलं बाळ कशाला कुणाच्या मानेत फळी अडकवेल?"

"बाळ? सरकारांना तू बाळ म्हणतेस?"

"मग काय म्हणू, लूसाहेब? शेवईला टोक आहे म्हणून आदळआपट करणारा साठ वर्षांचा माणूस तुम्ही कुठे पाहिलाय का?"

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. "हा हा हा! नाही पाहिलाय! मीही नाही पाहिलाय!" ते इतके हसले की डोक्यावरची टोपी घरंगळून रश्श्यात पडली.

त्यांनी तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला आणि आ-लियानला लाल रेशमाचा अख्खा तागा दिला. दहा दिवस बसून बसून माचे पाय आखडले होते, त्याला चालवेना. तेव्हा साहेबांनी त्याला घरी पोचवायला पालखी दिली, लूची. लू मात्र भर बाजारातून ओल्या बाह्या पिळत घरी चालत गेला.