लाल गाडी बघायला पाहुणे आले
माणसांना गाड्यांचं बोलणं कळायचं, त्या काळची गोष्ट. घाटाच्या पायथ्याला जुन्या गाड्यांचा बाजार होता. तिथली छोटी लाल गाडी आज खपली नाही, तर उद्या भंगारात जाणार होती.

नवं जोडपं आलं, वैदेही आणि तिचा नवरा. नवऱ्यानं तिचा रंग पाहिला, उंची विचारली, दारं वाजवून बघितली.

"ठेंगणे, पाहुण्यांसमोर खोकू नकोस हं," शेजारची उंच गाडी म्हणाली.

"चालवून बघू का?" वैदेहीनं हळूच विचारलं.

लाल गाडी एकेक वळण अलगद घेत घाट चढली. नवरा वैदेहीच्या शेजारी दाराचं हँडल घट्ट धरून बसला. माथ्यावर अख्खी दरी समोर आली, ढगसुद्धा खाली राहिले.

"हे इतकं जवळ होतं?" गाडी पुटपुटली.

"मलाही आजच कळतंय," वैदेही म्हणाली.

खाली आल्यावर तिनं किल्ली परत दिलीच नाही.