तेल्याच्या बैलाचा उपास

फार फार वर्षांपूर्वी, गुरंढोरं अगदीच गरज पडली तर माणसाशी दोन शब्द बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात प्रभू येशूला मानणारी थोडी घरं होती. त्यांचं मातीच्या भिंतींचं एक लहानसं मंदिर होतं आणि मंदिरात एक म्हातारे पाळक होते.

त्या गावात नहूम नावाचा तेली राहत असे. त्याच्या घरी एक लाकडी घाणा, घाण्याला चंद्या नावाचा बैल, आणि घर सांभाळायला तबीथा नावाची बायको. नहूमचं तेल चोख, माप चोख, बोलणं मात्र तुटक. लोक त्याला घुम्या म्हणत. पण तो मुळातला घुम्या नव्हता. तबीथाची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. याही लेकराचं तसंच होईल, अशी नहूमला सदानकदा भीती वाटे.

पुनरुत्थानाच्या सणाआधी ही मंडळी उपासाचा काळ पाळत. रीत साधी होती. दिवसातलं एक जेवण सोडायचं, तो वेळ प्रार्थनेत घालवायचा, आणि वाचलेली भाकरी ज्याची चूल थंड आहे त्याच्या दारी स्वतः नेऊन द्यायची. पोटुशी बाई, पोरंबाळं, आजारी आणि थकलेली माणसं यांना उपास नव्हता.

नहूमला यंदा एवढ्यावर समाधान होईना. त्याने दिवसभर नुसतं पाणी आणि दिवे लागल्यावर मूठभर फुटाणे, असा उपास धरला. त्याचे गाल बसले, डोळे खोल गेले. शेजारीपाजारी म्हणू लागले, "काय ही भक्ती! नाहीतर आम्ही, दुपार झाली की चुलीकडे बघणारे."

भक्ती कसली हो! माणूस घाबरला होता. वाचलेली भाकरी कुणाला द्यायची असते, हेसुद्धा तो विसरला होता. त्याच्या घरचं पीठ मडक्यातच राहत होतं.

एका रविवारी पाळकांनी एका जुन्या शहराची गोष्ट सांगितली. त्या शहरातल्या लोकांना आपल्या पापांचा पस्तावा झाला. त्यांच्या राजाने उपासाची दवंडी पिटवली आणि माणसांबरोबर गुराढोरांनीही काही खाऊ नये असा हुकूम काढला. देवाने ते पाहिलं आणि शहर वाचवलं. पाळकांना त्या लोकांच्या पस्ताव्याविषयी बोलायचं होतं. त्यावर ते पुष्कळ बोललेही. पण नहूमच्या कानात गुरंढोरं एवढंच राहिलं.

'तरीच!' तो मनाशी म्हणाला. 'माझा उपास अर्धाच होता. बैल तर रोज पोटभर खातोय.'

घरी येताच त्याने चंद्याचा कडबा कमी केला आणि पेंड बंद केली. मग त्याची नजर तबीथाच्या ताटाकडे जाऊ लागली. तो तिला जेवू नको असं कधीच म्हणाला नाही. नुसता बघायचा. घास तोंडाशी नेताना तबीथाचा हात अडखळायचा, आणि थोड्या वेळाने ती ताट घेऊन उठायची.

एके दिवशी दुपारी घाण्यात तीळ घातलेले होते आणि चंद्या फिरता फिरता उभा राहिला. नहूमने चुचकारलं. बैल हलेना. नहूमने चाबूक उचलला, तेव्हा चंद्याने मान वळवली आणि तो म्हणाला, "धनी, माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही रे," नहूम ओशाळून म्हणाला. "घरात लेकरू यायचंय. ते सुखरूप यावं म्हणून आपण सगळ्यांनी उपास धरलाय."

"तुम्ही धरलाय. मी नाही धरला. तुम्ही माझ्यापुढचा कडबा काढून घेतलात. याला उपाशी ठेवणं म्हणतात."

"फार बोलायला लागलास! चल, पाय उचल."

"माझं राहू द्या, धनी. मी कसाही तगेन. पण धनीणबाई आपल्या ताटातली भाकरी रोज माझ्या गव्हाणीत आणून टाकतात आणि उपाशीच आत जातात. एका भाकरीने बैलाचं काय होतंय? ती भाकरी लेकराची होती."

नहूमच्या हातून चाबूक गळून पडला. तो तसाच घरात धावला.

तबीथा चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. कपाळाला घाम सुटला होता.

"अगं, तू जेवत का नाहीस? तुला उपास नाही, ठाऊक आहे ना?"

"अहो, मी जेवले की तुमचा चेहरा उतरतो," ती क्षीण आवाजात म्हणाली. "मला वाटलं, मी खाल्लं आणि काही वाईट झालं, तर तुम्ही जन्मभर मलाच दोष द्याल."

नहूमला भडभडून आलं. त्याने शेजारणीला हाक मारली आणि तो पाळकांना बोलवायला पळाला. शेजारणीने पातळ पेज केली, वर मीठ घातलं आणि तबीथाला घोट घोट पाजली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तिने पोटावर हात ठेवला आणि हसून मान हलवली. लेकरू हललं होतं.

पाळक आले. त्यांनी प्रार्थना केली, आणि ते नहूमला बाहेर ओट्यावर घेऊन बसले.

"आता खरं सांग, नहूमा. एवढी कशाची भीती?"

 नहूम रडत म्हणाला, "बाबा, पहिल्या लेकराच्या वेळी मला ताप होता. उपासाच्या काळात मी भाकरी खाल्ली, आणि पुढच्याच आठवड्यात पोर गेलं. दुसऱ्याच्या वेळीही मी उपास मोडला होता. देवाने माझी शिक्षा त्यांना दिली."

म्हातारे पाळक त्याच्याकडे पाहतच राहिले. एवढी वर्षं हा माणूस उरावर हे घेऊन तेल गाळत होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"लेकरा, तुझ्या भाकरीने त्या पोरांना नेलं नाही," ते म्हणाले. "तापाने फणफणलेल्या माणसाने भाकरी खाल्ली म्हणून देव त्याच्या पाळण्यात हात घालत नाही. तू देवाला घाण्यातला तीळ समजलास. जितका दाब देशील तितकी त्याची माया निघेल, असं तुला वाटलं. अरे, तो तुझ्यावर आधीपासूनच माया करतोय. उपासाने आपलं मन जरा रिकामं होतं, म्हणजे त्याचं बोलणं ऐकू येतं आणि शेजाऱ्याचं उपाशी पोट दिसतं. तुला तर घरातलंच दिसेना."

"मग मी उपास सोडू?"

"आज सोड. आधी पेज पी. उद्यापासून सगळ्यांसारखा कर, झेपेल तेवढा. आणि भीती वाटली तर वाटते म्हणून त्याला सांग. तो ऐकतो."

नहूम पेज प्यायला. मग त्याने कडब्याची पेंढी सोडली, पेंडीचा चुरा केला आणि चंद्याला स्वतःच्या हाताने चारला. चंद्याने सगळं खाल्लं आणि त्यानंतर तो जन्मात एक शब्द बोलला नाही. त्याला गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून नहूम दुपारची भाकरी वेशीजवळच्या एका आंधळ्या म्हातारीला नेऊन देऊ लागला. ती खाई तोवर तिच्यापाशी बसून राही. घरी तबीथाला तो आग्रहाने वाढी, आणि ती जेवत असताना गप्पा मारी. प्रार्थनेत तो एवढंच म्हणे, "देवा, मला भीती वाटते. तू जवळ राहा."

दिवस भरले. तबीथाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. सगळं गाव बघायला लोटलं. एक शेजारी नहूमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अखेर तुझा उपास फळाला आला म्हणायचा!"

नहूमने मुलीला छातीशी धरलं. "नाही हो," तो म्हणाला. "माझ्या उपासाने ही आईच्या पोटात उपाशी राहिली होती. देवाने हिला माझ्या उपासातून वाचवलं."

तर मंडळी, ज्या उपासापायी आपल्या दारातलं कुणी उपाशी राहतं, तो उपास देवाचा नसतो, आपल्या भीतीचा असतो.