कोतवालाचा लंगडा पाय

"मला न सांगता दादा गेलाच कसा?" नट दादाची कपड्यांची ट्रंक वर्षानुवर्षं वाहणारा मदतनीस भानुदास भेटेल त्याला विचारत होता. तेरावं होताच निर्मात्यानं दादाच्या गाजलेल्या लंगड्या कोतवालासाठी तरुण नट घेतला आणि नव्या चित्रपटात दादाचं नाव घालायलाही नकार दिला.

चौथी नापास भानुदास तावातावानं निर्मात्याच्या ऑफिसवर पोचला; ओढायचं दार त्यानं दोनदा ढकललं.

"लोकांचं प्रेम पात्रावर असतं, नटावर नाही," निर्माता म्हणाला. "लंगडणंसुद्धा पात्राचंच."

"छे साहेब, ते माझं! पहिल्याच शूटिंगला मी वेंधळ्यानं दादाच्या पायावर ट्रंक पाडली, म्हणून कोतवाल लंगडला. पात्राला हवं असेल, तर ट्रंक खाली रिक्षात आहे."

शेजारी बसलेल्या नव्या नटानं झटकन पाय खुर्चीवर घेतले. "साहेब, नाव घाला त्यांचं!"

नाव लागलं. जाता जाता भानुदासनं दादाचं आणि कोतवालाचं एक शेवटचं काम केलं. नवा पोरगा सरावात डावा पाय ओढत होता. भानुदासनं डोळे पुसत त्याला उजवा, ट्रंक पडलेला, ओढायला शिकवलं.