चिचूचं घर आणि म्हैसमावशीचं गवत

ही गोष्ट खरी आहे हं. अगदी गळ्याशपथ! मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे... तेव्हा मी झोपलो होतो. पण खरी आहे!

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिचू. तिला तीन पिल्लं. मोठी, मधली आणि धाकटं. भिंतीखाली त्यांचं बीळ होतं. मऊ मऊ, ऊबदार.

एक दिवस माणसं आली. बिळावर फरशी बसवली. थप्प!

बीळ गेलं. आणि थंडी तर आलीच होती.

चिचू निघाली. मोठीनं आईचं शेपूट धरलं. मधलीनं मोठीचं शेपूट धरलं. धाकट्यानं मधलीचं शेपूट धरलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

झाडावर होती सुगरणताई. ती बेघरांना घरं विणून द्यायची. फुकट!

"सुगरणताई, सुगरणताई! फरशी बसली, बीळ गेलं. आम्हाला घर दे ना!"

सुगरणताईनं चोचीनं चौघांचं माप घेतलं. "विणते की गं! माझं कामच ते. पण गवत कुठाय? म्हैसमावशीनं गवत दिलं, की विणते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैसमावशी बसली होती गवताच्या गंजीला टेकून. ही एवढी मोठी गंजी!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी! फरशी बसली, बीळ गेलं. सुगरणताई घर विणेना. आम्हाला गवत दे ना!"

"देते की बाई! गरिबांसाठीच ठेवलंय. पण असं कसं देऊ? बगळेबुवांनी जागा बघितली, की देते."

आणि मावशीनं एक घास खाल्ला. चकर चकर.

तुरुतुरु, तुरुतुरु.

बगळेबुवा एका पायावर उभे. डोळे गच्च मिटलेले.

"बगळेबुवा, बगळेबुवा! फरशी बसली, बीळ गेलं. सुगरणताई घर विणेना. म्हैसमावशी गवत देईना. आमची जागा बघा ना!"

"बघतो की! त्यासाठीच तर उभा आहे. पण बेडूकरावांनी हाक मारली, की डोळे उघडतो."

तिकडे मावशीनं आणखी एक घास खाल्ला. चकर चकर.

तुरुतुरु, तुरुतुरु.

बेडूकराव दगडावर बसलेले. गाल फुगवून.

"बेडूकराव, बेडूकराव! फरशी बसली, बीळ गेलं. सुगरणताई घर विणेना. म्हैसमावशी गवत देईना. बगळेबुवा जागा बघेनात. एक हाक मारा ना!"

"मारतो की! पण आधी तुझं घर दाखव."

"अहो, घर नाही म्हणून तर आलेय!"

"छे छे! बिनघरवाल्यांसाठी मी घसा बसवू? घर झालं, की हाक मारतो."

धाकटं कुडकुडलं. हुडहुड, हुडहुड. "आई, घर कधी?"

तिकडे मावशी खातच होती. चकर चकर. चकर चकर.

आता चिचूला आला राग. आणि चिचुंद्रीला राग आला, की काय सुटतो?

वास! शी शी शी!

बेडूकरावांनी नाक दाबलं. टुणकन उडी मारली. ओरडले, "डरांव!"

झाली हाक! बगळेबुवांनी एक डोळा उघडला. जागा बघितली. डोळा मिटला. म्हैसमावशी म्हणाली, "बघितली ना? घे बाई गवत!"

पण गंजी कुठाय? गंजी मावशीच्या पोटात. उरलं होतं मूठभर.

सुगरणताईनं तेवढंच विणलं. झुप झुप, झुप झुप. झालं घर!

धाकटं आत गेलं. मधलीचं नाक आत गेलं. मोठी बाहेर. चिचू बाहेर.

बेडूकराव म्हणाले, "मी हाक मारली!"

बगळेबुवा म्हणाले, "मी जागा बघितली!"

म्हैसमावशी म्हणाली, "गवत माझं हं!"

सुगरणताईनं चोचीनं पुन्हा माप घेतलं. आणि मान खाली घातली.

चिचू दाराला पाठ लावून बसली. वारा आत जाऊ नये म्हणून.

आता खरं सांगू? फरशी खरी. थंडी खरी. म्हैसमावशीचं पोट तर अगदी खरं. घर तेवढं मी रचलं.

"मग मोठं का नाही रचलंस?"

कसं रचणार, राजा? गवत तेवढंच उरलं होतं.